सौम्य बोलणं आणि सहनशीलता: ख्रिस्ती जीवनात या चुका टाळा

उपासनेला जमल्यावर सौम्य बोलणं कुणालाही जमतं. खरी कसोटी घरी लागते, घाईगडबडीत, तीच गोष्ट चौथ्यांदा सांगावी लागते तेव्हा. ऐकायला तत्पर असा, बोलायला आणि रागवायला धीमे असा, हे बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने लिहिलेलं (याकोब 1:19) आपल्याला तोंडपाठ असतं. तरी घोडं अडतंच. कुठे अडतं?

गप्प बसलं म्हणजे सहन केलं, असं समजणं

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. तोंडातून वाईट शब्द काढला नाही म्हणून आपण स्वतःवर खूश, पण भांडी आपटली जातात, "काय झालं?" विचारल्यावर "काही नाही" असं तुटक उत्तर येतं आणि मनातली यादी वाढत जाते. हा राग फक्त बिनआवाजाचा आहे. प्रीती अपकारांचा हिशेब ठेवत नाही, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगतो (1 करिंथ 13:5). अबोला तर त्या हिशेबावरच जगतो.

येशूची चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याला चपराक मारली. येशूने शिव्याशाप दिले नाहीत, पण तो मुकाट्यानेही बसला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं त्याने विचारलं (योहान 18:23). आवाज न चढवता चूक दाखवता येते, ती अशी. मत्तय 18:15 मध्येही आधी दोघांनीच एकांतात बोलायला सांगितलंय. आपण नेमकं उलट करतो: सगळ्या घराला सांगून झाल्यावर शेवटी ज्याचं चुकलं त्याच्याकडे जातो.

मात्र घरात मारहाण होत असेल, रोज पाणउतारा होत असेल, तर "सहन कर, प्रार्थना कर" एवढंच सांगून कुणाला परत पाठवू नका. तिथे मदत मागणं म्हणजे सहनशीलता सोडणं नव्हे.

वचन फेकून मारणं

मुलांना "आईबापांच्या आज्ञेत राहा" हे ऐकवणारे तीनच ओळी पुढे जात नाहीत. तिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिडीस आणू नका (इफिस 6:4). वाद रंगात आलेला असताना काढलेलं वचन बहुधा स्वतः जिंकण्यासाठीच असतं.

दुःखात असलेल्यांशीही हेच होतं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. त्यांची पुष्कळशी वाक्यं ऐकायला धार्मिकच वाटतात, पण शेवटी देव त्यांच्यावरच संतापला (ईयोब 42:7). ज्याचं माणूस गेलंय त्याला लगेच "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणू नका. जवळ बसा.

प्रार्थनेच्या नावाखाली चुगली

"प्रार्थनेत ठेवा हं, तिच्या घरी काय चाललंय ठाऊक आहे ना?" इथून पुढे प्रार्थना राहते बाजूला. तिने सांगायची परवानगी दिली आहे का? नसेल तर नाव आणि तपशील गाळून प्रार्थना करा, देवाला ते माहीत आहेत. "अहो, गंमत केली" हे निमित्तही तसंच, त्याची हजेरी बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकाने (26:18-19) केव्हाच घेतली आहे.

शब्द निघून गेलाच, तर

पौलाचंही असं झालं होतं. न्यायसभेत त्याने समोरच्याला "चुना लावलेली भिंत" म्हटलं. तो प्रमुख याजक आहे हे कळल्यावर, आपल्याला ते माहीत नव्हतं असं सांगून, अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नये हे शास्त्रवचन त्याने स्वतःलाच लावलं (प्रेषितांची कृत्ये 23:3-5).

आपण मात्र म्हणतो, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." यात दोष समोरच्याच्या वाटण्यावर गेला. त्याऐवजी जे केलं ते नाव घेऊन सांगा: "काल जेवताना सगळ्यांसमोर मी तुला आळशी म्हणालो. तसं म्हणायला नको होतं. माफ कर." पुढे "पण तूही" जोडू नका. अपमान चारचौघांत केला असेल तर माफीही चारचौघांतच मागा. लहान मुलांचीसुद्धा.

आणि समोरच्याने लगेच "जाऊ दे" म्हटलं नाही, तर "मागितली ना माफी, आता अजून काय हवंय?" असं सुनावू नका. त्याला वेळ लागू द्या.