लोकलेखा समितीची पहिली बैठक: समिती शाखेत नव्याने येणाऱ्यांसाठी

सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीची वर्षातली पहिली बैठक बहुधा तासाभरात आटोपते. साक्षीला मंत्रालयांचे कोणी सचिव आलेले नसतात, प्रश्नोत्तरे होत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तिचा उल्लेख झालाच तर एखाद्या ओळीपुरता होतो. त्यामुळे लोकसभा सचिवालयाच्या समिती शाखेत नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना ती ओळखीपाळखीची बैठक वाटते. अमरावतीहून दिल्लीला येऊन रुजू झाल्यावर पहिल्या वर्षी मलाही तसेच वाटले होते. पुढे बरीच वर्षे या कामात गेल्यानंतर मात्र माझे मत पक्के झाले आहे की, समितीचे संपूर्ण वर्ष कसे जाणार हे त्या तासाभरात, विशेषतः विषयनिवडीच्या अर्ध्या तासात ठरते. आणि त्या अर्ध्या तासाची पहिली तयारी शाखेतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाच्या टेबलावर होत असते.

बैठकीत काय होते हे समजण्यासाठी बैठकीपूर्वी काय होऊन गेलेले असते ते आधी माहीत हवे. समितीत २२ सदस्य असतात, त्यांतले १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. राज्यसभेचे सदस्य १९५४-५५ पासून समितीवर येऊ लागले. त्याआधी ती केवळ लोकसभेची समिती होती. सदस्यांची निवड एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने (म्हणजे पसंतीक्रमाने मत देऊन), प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर होते, परंतु पक्ष आपापल्या संख्याबळानुसार जागा आधीच वाटून घेत असल्यामुळे प्रत्यक्ष मतदानाची वेळ सहसा येत नाही. मंत्री या समितीचा सदस्य होऊ शकत नाही आणि एखादा सदस्य मंत्री झाला तर त्याचे सदस्यत्व त्याच दिवशी संपते. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते, आणि ही एक वर्षाची मुदत पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे.

ग्रामपंचायतीच्या पहिल्या सभेत उपसरपंच निवडला जातो, हे पाहत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना इथे एक गोष्ट चटकन पटत नाही. ती म्हणजे लोकलेखा समिती आपला प्रमुख स्वतः निवडत नाही. (महाराष्ट्र विधानमंडळात समितीच्या अध्यक्षाला समिती प्रमुख म्हणतात, लोकसभेच्या अध्यक्षांशी घोटाळा होऊ नये म्हणून या लेखात मीही तोच शब्द वापरते.) समिती प्रमुखांची नेमणूक लोकसभेचे अध्यक्ष समितीच्या सदस्यांमधून करतात, त्यामुळे पहिल्या बैठकीत निवडणूक हा विषयच नसतो. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या समितीचे प्रमुखपद १९५० पूर्वी सरकारमधल्या अर्थखाते सांभाळणाऱ्या सदस्याकडेच (आजच्या भाषेत अर्थमंत्र्याकडे) असे, म्हणजे ज्याच्या हिशेबाची तपासणी व्हायची तोच तपासणीच्या खुर्चीत बसलेला असे. राज्यघटना लागू झाल्यावर समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. १९६७ मध्ये मिनू मसानी यांच्या नेमणुकीपासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात सुरू झाला. तो नियमांत लिहिलेला नाही, तरीही टिकून आहे, आणि माझ्या मते आपल्या संसदीय व्यवहारातल्या सर्वांत मोलाच्या प्रघातांपैकी तो एक आहे.

समिती प्रमुख एखाद्या बैठकीला अनुपस्थित असतील तर मात्र उपस्थित सदस्य त्या बैठकीपुरता आपल्यातून एक प्रमुख निवडू शकतात. हा नियम वाचताना किरकोळ वाटतो. एप्रिल २०११ मध्ये टू-जी स्पेक्ट्रमवरील मसुदा अहवालाच्या वेळी समितीत फूट पडली, समिती प्रमुख मुरली मनोहर जोशी बैठक सोडून गेले, आणि उरलेल्या सदस्यांनी सैफुद्दीन सोझ यांना त्या बैठकीपुरते प्रमुख निवडून मसुदा नाकारला. बैठक संपली होती की चालू होती, या एका प्रश्नावर दोन्ही बाजूंनी किती वाद झाला हे त्या वेळची वृत्तपत्रे वाचली तर कळेल. तुम्ही नव्याने आला असाल तर कार्यपद्धतीच्या नियमांतला समित्यांचा सर्वसाधारण भाग पहिल्या आठवड्यातच वाचून काढा, कारण नियमाची गरज पडते त्या क्षणी पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळते. समिती प्रमुखांशी बोलून तारीख ठरली की सूचनापत्र निघते आणि कार्यक्रमपत्रिका व टिपणे हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सदस्यांकडे जातात. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे हिंदीचा भरवसा वाटतो, पण बोलण्याची हिंदी आणि कार्यालयीन हिंदी यांत बरेच अंतर आहे. मराठीतले शब्द तसेच्या तसे लिहिले की अर्थ बदलतो, म्हणून अनुवाद शाखेकडून आलेला मजकूर इंग्रजी मजकुराशी ओळीओळीने ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. बैठक संसदेच्या आवारातच व्हावी असा नियम आहे. बाहेर घ्यायची तर लोकसभा अध्यक्षांची परवानगी लागते. बहुतेक बैठका संसद भवन सौधातल्या समिती कक्षांत होतात.

हजेरीपत्रक कक्षाच्या दाराशी ठेवलेले असते आणि त्यावर नजर ठेवणे हे नवख्याचे काम असते. गणपूर्ती, म्हणजे सगळे ज्याला कोरम म्हणतात ती, एकूण सदस्यसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश इतकी लागते. ती नसेल तर समिती प्रमुख बैठक काही काळ थांबवतात किंवा पुढच्या तारखेपर्यंत तहकूब करतात, आणि लागोपाठ दोन तारखांना तसेच झाले तर ती बाब सभागृहाला कळवावी लागते. सलग दोन किंवा अधिक बैठकांना समिती प्रमुखांच्या परवानगीशिवाय गैरहजर राहिलेल्या सदस्याला समितीतून मुक्त करण्याचा प्रस्ताव सभागृहात मांडता येतो. त्यामुळे रजेचे पत्र आले की ते फायलीत ठेवून थांबू नका, समिती प्रमुखांपुढे त्याच दिवशी ठेवा.

बैठकीची सुरुवात समिती प्रमुखांच्या स्वागतपर भाषणाने होते. या भाषणाचा कच्चा मसुदा शाखाच तयार करते, आणि त्यात काय असावे याचा विचार मी प्रत्येक वेळी नव्याने केला आहे. समितीचा इतिहास दोन वाक्यांत पुरतो. तिचे अधिकारक्षेत्र मात्र नीट सांगावे लागते, कारण पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्यांना धोरण योग्य की अयोग्य यावर बोलायचे असते, तर समितीचे काम धोरण ठरवणे हे नाही. संसदेने मंजूर केलेला पैसा ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी, नियमाने आणि काटकसरीने खर्च झाला का, हे तपासणे तिचे काम आहे. बैठका गुप्त असतात, आणि अहवाल सभागृहापुढे मांडला जाईपर्यंत साक्ष, मसुदे व चर्चा बाहेर सांगता येत नाहीत, याची आठवणही इथेच करून दिली जाते. त्याच नियमाचा मान राखून या लेखात मी माझ्या स्वतःच्या कामातल्या कोणत्याही विषयाचे किंवा मंत्रालयाचे नाव लिहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट भाषणात यावी असा माझा आग्रह असे. लोकलेखा समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही. विभागांशी संबंधित स्थायी समित्यांच्या अहवालाला सदस्य आपले वेगळे मत जोडू शकतात, इथे तशी सोय नाही. नियमानुसार निर्णय बहुमताने होतात आणि मते समसमान पडली तर समिती प्रमुखांना निर्णायक मत असते, परंतु प्रत्यक्षात मतदान टाळून सर्वांना मान्य होईल असा शब्द शोधण्याकडेच समितीचा कल राहत आलेला आहे. पहिल्याच बैठकीत ज्येष्ठ सदस्य ही रीत नव्यांना स्वतःच्या तोंडाने सांगतात तेव्हा ती जितकी पोहोचते तितकी कोणत्याही टिपणातून पोहोचत नाही.

यानंतर विषयनिवड येते. सरकारी हिशेबांचे लेखापरीक्षण करणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे केंद्रासंबंधीचे अहवाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे राष्ट्रपतींना सादर होऊन संसदेपुढे मांडले जातात. वर्षभरात असे अनेक अहवाल येतात: नागरी खात्यांचे, रेल्वेचे, संरक्षणाचे, प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष करांचे, आणि प्रत्येकात तपासण्याजोगे अनेक परिच्छेद, म्हणजे लेखापरीक्षणात आढळलेल्या बाबींच्या क्रमवार नोंदी, असतात. अधिवेशने, मतदारसंघ आणि इतर समित्या सांभाळून सदस्य एका वर्षात त्यांतले थोडेच विषय सखोल तपासू शकतात. म्हणजे पहिल्या बैठकीत समिती जितके घेते त्याच्या कितीतरी पट बाजूला ठेवते. निवडले न गेलेले परिच्छेद वाऱ्यावर सोडले जात नाहीत. त्यांच्यावर संबंधित मंत्रालयाने केलेल्या कार्यवाहीचे टिपण, अहवाल मांडला गेल्यापासून चार महिन्यांत देणे अपेक्षित असते. परंतु सचिवांना समोर बसवून विचारलेला प्रश्न आणि टिपणातून आलेले उत्तर यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

माझ्या पहिल्या वर्षी ही यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी परिच्छेद मंत्रालयवार लावले, प्रत्येकापुढे गुंतलेली रक्कम लिहिली आणि मोठी रक्कम वर, लहान खाली असा क्रम दिला. यादी देखणी झाली होती. बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी वरून तिसऱ्या विषयावर बोट ठेवले आणि दोन वर्षांपूर्वीच्या समितीने हाच विषय तपासून अहवालही दिला आहे, असे शांतपणे सांगितले. तो विषय गळाला, त्याच्या जागी घाईने दुसरा आला, आणि त्या दुसऱ्या विषयाची पूर्वपीठिका कोणाकडेच नसल्यामुळे पुढे त्याच्या साक्षीचा पहिला दिवस जवळजवळ वाया गेला. माझ्या वरिष्ठांनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी कपाटातून मागच्या अहवालांचे गठ्ठे काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि विषयांची नोंदवही करायला सांगितले.

त्या नोंदवहीत मी जे रकाने पाडले ते आजही पुरेसे आहेत असे मला वाटते. अहवालाचा क्रमांक, वर्ष आणि परिच्छेद तर हवेतच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेखापरीक्षणाने कोणता कालावधी तपासला, मंत्रालयाने त्याला काय उत्तर दिले, कार्यवाहीचे टिपण आले का, पूर्वीच्या कोणत्या समितीने तो किंवा त्याच्यासारखा विषय घेतला होता, प्रकरण न्यायालयात आहे का, आणि दुसऱ्या एखाद्या समितीकडे तो सध्या चालू आहे का. सरकारी कंपन्यांवरचे अहवाल १९६४ पासून सार्वजनिक उपक्रम समितीकडे जातात, त्यामुळे तेही आधीच वेगळे काढावे लागतात. रकमेचा क्रम मी पूर्णपणे सोडून दिला. लाखांतली एखादी रक्कम देशभर वापरल्या जाणाऱ्या नमुन्यातली किंवा नियमातली चूक दाखवते, आणि कोटींतली रक्कम कधी कधी एकाच निविदेच्या उशिराची गोष्ट असते. पहिल्या प्रकारचा विषय समितीने घेतला तर शेकडो कार्यालयांचा कारभार सुधारतो. म्हणून टिपणात प्रत्येक विषयापुढे, यातून व्यवस्थेतला कोणता दोष उघड होतो, हे एका वाक्यात लिहायला मी सुरुवात केली आणि सदस्यांची चर्चा त्या वाक्यांभोवती होऊ लागली.

एक विषय मात्र निवडीचा नसतो. एखाद्या खात्याने मंजूर अनुदानापेक्षा (म्हणजे संसदेने त्याच्यासाठी मंजूर केलेल्या रकमेपेक्षा) जास्त खर्च केला असेल तर तो अनुच्छेद ११५ प्रमाणे संसदेकडून नियमित करून घ्यावा लागतो, आणि त्याआधी लोकलेखा समितीने त्याची कारणे तपासून शिफारस करायची असते. विनियोजन लेखे (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचे हिशेब) हाती आले की असा जास्तीचा खर्च कोणकोणत्या अनुदानांत झाला हे शोधून तो यादीच्या आरंभीच, निवडीच्या विषयांपासून वेगळा मांडावा.

पहिल्या बैठकीला नियंत्रक व महालेखापरीक्षक किंवा त्यांच्या कार्यालयाचे वरिष्ठ अधिकारी उपस्थित राहतात आणि अहवालांतल्या ठळक बाबी समजावून सांगतात. सदस्य आपल्याकडचेही विषय सुचवतात. समितीला लेखापरीक्षण अहवालाबाहेरचा विषयही स्वतःहून घेता येतो. एखादा सदस्य आपल्या भागातले रखडलेले काम मांडतो तेव्हा ते समितीच्या कक्षेत बसत नाही असे नवख्याला लगेच वाटते. पण नोंदवही नीट ठेवली असेल तर त्याच योजनेवरचा एखादा परिच्छेद सापडतो आणि सदस्याची कळकळ तपासणीला उपयोगी पडते. बैठकीत चिठ्ठी लिहून योग्य वेळी वरिष्ठांपर्यंत पोहोचवण्याचा प्रसंग तुमच्यावर येईल तो बहुधा इथेच. सर्व सूचना ऐकून अंतिम यादी ठरवण्याचा अधिकार समिती अनेकदा समिती प्रमुखांना देते.

उपसमित्यांचे काम थोडक्यात आटोपते. विषयांच्या गटांनुसार उपसमित्या नेमल्या जातात, प्रत्येकीला एक निमंत्रक असतो, आणि उपसमितीचा अहवाल पूर्ण समितीने मान्य केल्यावरच तो समितीचा अहवाल ठरतो.

बैठक संपल्यावर शब्दशः नोंद करणाऱ्या प्रतिवेदकांचा मजकूर येईपर्यंत थांबू नका. उपस्थिती, स्वीकारलेले विषय, समिती प्रमुखांना दिलेले अधिकार आणि उपसमित्या एवढ्याचे कार्यवृत्त स्वतःच्या टिपणावरून त्याच संध्याकाळी लिहून काढा. कोणी काय म्हटले हे त्यात येत नाही, समितीने काय ठरवले एवढेच येते. कार्यवृत्त समिती प्रमुखांकडून मान्य झाले की निवडलेल्या प्रत्येक विषयासाठी मंत्रालयाला पूर्वपीठिकेचे टिपण मागणारे पत्र जाते. त्या पत्रात मुदतीची तारीख आकड्यांत लिहावी, आणि ती तारीख आपल्या नोंदवहीतही त्याच दिवशी चढवावी.