कोठीच्या खोलीची खेळखोली करताय? या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत तळमजल्यावरची कोठीची खोली रिकामी झाली की ती मुलांना द्यायचं ठरतं, आणि सगळ्यात आधी बोलावला जातो रंगारी. खरं तर त्याचं काम शेवटी.

मे महिन्यातली भिंत फसवते. हात लावला तर कोरडी ठणठणीत, पण जुलैत जमिनीतली ओल वर चढते. खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे किंवा पिठासारखा पांढरा खार दिसला, तर भिंतीला लोणा लागलाय. त्यावर पुट्टी मारून चित्रांचा वॉलपेपर लावलात, तर पावसाळ्यात तो फुगतो आणि मागे बुरशी धरते. खार जिथवर चढलाय त्याच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा, वीट काही आठवडे उघडी ठेवा. बांधकाम चुन्यातलं असेल तर नवा गिलावाही चुन्याचाच हवा. सिमेंटआड ओल कोंडते आणि आणखी वर चढते.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पृष्ठभाग ओला करून घासा, चुरा ओल्या फडक्याने टिपा आणि तेवढे दिवस मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

फरशीची परीक्षा सोपी आहे. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. खालून दव धरलं, तर फोमच्या मॅट कायमच्या चिकटवायच्या नाहीत. आठवड्यातून एकदा उचलून उभ्या करायच्या. १० बाय ८ च्या खोलीला दोन फुटी २० मॅट लागतात, जाडी १२ मिमी पुरे. कडेच्या मॅट कापून भिंतीपासून सेंटीमीटरभर जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात मॅट मधोमध उचलल्या जातात आणि मूल अडखळतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलेल्या भागात खालचे कप्पे प्लायवूडचे करूच नका. लोखंडी रॅक बरा.

रॅक उभा करून सोडणं ही सगळ्यात धोक्याची चूक. मूल कप्प्यांची शिडी करतं आणि रॅक अंगावर येतो. वरच्या कडेला दोन एल-अँगल (काटकोनी लोखंडी पट्ट्या) लावून तो भिंतीला आवळा. जुन्या घरांत गिलावाच इंचभर जाड असतो; ५० मिमीचा स्क्रू विटेत जेमतेम शिरतो आणि हिसक्यासरशी भोकातल्या प्लास्टिकच्या प्लगसकट बाहेर येतो. ७५ मिमीचा घ्या. ड्रिलमधून लाल भुकटी येऊ लागली की वीट लागली समजा.

खोलीत झोपाळा असेल तर खेळायच्या वेळी कड्यांतून काढून ठेवा. रांगत्या मुलाच्या डोक्याच्या उंचीलाच फळी येते.

पसारा आवरत नसेल, तर खेळणी जास्त झालीत. आठ-दहाच बाहेर ठेवा, बाकीची ट्रंकेत, आठवड्याने बदला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेवढं बघून घ्या. तीन वर्षांखालचं मूल असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाणारं काहीही खाली ठेवू नका. बटण-सेल घातलेल्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणं घरात नकोच.