जपानला शिकायला जाताय? जुलैची परीक्षा चुकवू नका

जपानमधल्या भाषाशाळेत एप्रिलला प्रवेश हवा असेल, तर अर्ज साधारण आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जातात. बहुतेक शाळा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही सर्वांत खालची पातळी उत्तीर्ण असल्याचा किंवा किमान १५० तास जपानी शिकल्याचा दाखला मागतात. डिसेंबरच्या जेएलपीटीचा निकाल जानेवारीअखेरीस लागतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आदल्या जुलैतच परीक्षा द्या. पुण्यात केंद्र आहे. क्लासकडून तासांचा दाखलाही मागून ठेवा.

जपानी माध्यमातून पदवी करायची असेल, तर बहुधा एन-२ किंवा एन-१ (सर्वांत वरची) पातळी लागते, आणि बरीच विद्यापीठं ईजेयू ही परदेशी विद्यार्थ्यांसाठीची वेगळी प्रवेश परीक्षाही मागतात. एन-२ला १८० पैकी ९० गुण हवेत, पण भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण या प्रत्येक भागात ६० पैकी किमान १९ हवेतच. श्रवणात १८ पडले, की एकूण १२० असूनही नापास! त्यामुळे कांजी (जपानीतली चिनी चिन्हाक्षरं) घोकताना ऐकण्याचा सराव रोज कराच.

इंग्रजी माध्यमाच्या अनेक अभ्यासक्रमांना जपानीची अट नसते. तरीही एन-४पर्यंत शिकून जा, असं मी आवर्जून सांगेन. घर भाड्याने घेताना, वॉर्ड कार्यालयात नोंदणी करताना समोर जपानीच येते. आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते, तेव्हा बोलायचा सराव वेगळा करा.