‘झायमोजेन’ची फोड करताना या चुका टाळा

झायमोजेन म्हणजे एन्झाइमचं (शरीरातल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाचं) निष्क्रिय पूर्वरूप, ही व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असते. घोळ होतो तो शब्दाची फोड करताना.

सर्रास होणारी चूक म्हणजे शेवटच्या ‘जेन’मध्ये ‘जीन’, म्हणजे जनुक शोधणं. जनुकाला हे नाव डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ साली दिलं. झायमोजेन १८७५ चा. ग्रीकमध्ये ‘झायमे’ म्हणजे खमीर आणि ‘-जेन’ म्हणजे निर्माण करणारं. आपल्या ‘जन्म’, ‘जनक’ या शब्दांतला ‘जन्’ धातूही त्याच कुळातला, त्यामुळे हा अर्थ मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपा आहे.

दुसरी चूक कालक्रमाची. ‘एन्झाइम’ आधी आला आणि त्याला ‘जेन’ जोडलं, असं वाटणं साहजिक आहे, घडलं उलट. ब्रेस्लाउमध्ये (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुडॉल्फ हायडेनहाइन स्वादुपिंडाचा अभ्यास करत होते. ताज्या ग्रंथीचा ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क प्रथिनं जवळजवळ पचवतच नव्हता. ग्रंथी काही काळ ठेवून मग अर्क काढला, की पाचकशक्ती दिसे. म्हणजे पेशींत साठलेलं असतं ते पाचकद्रव्य नव्हे, त्याचं जनकद्रव्य. त्यालाच त्यांनी झायमोजेन म्हटलं. तेव्हा पाचकद्रव्यांना ‘फर्मेंट’ म्हणत; विल्हेल्म क्यूने यांनी ‘एन्झाइम’ हा शब्द काढला तो त्यानंतर, १८७६-७७ च्या सुमारास. म्हणून ‘एन्झाइम अधिक जेन’ अशी फोड करू नका. प्रयोगाचा निष्कर्षच या नावात उतरला आहे, आणि शिकवताना तो प्रयोग आधी सांगावा असं मला मनापासून वाटतं.

कायमोट्रिप्सिनोजेन या स्वादुपिंडातल्या झायमोजेनच्या नावातला ‘कायमो’ म्हणजे ‘झायमो’ नव्हे, एवढंही ध्यानात ठेवा. तो ‘खायमोस’, म्हणजे रस, या ग्रीक शब्दातून आला आहे.

आणि ‘-ोजेन’ दिसला की झायमोजेन, हा नियम तर मुळीच लावू नका. ट्रिप्सिनोजेन आणि पेप्सिनोजेन झायमोजेन आहेत, ग्लायकोजेन नाही; ती शरीरात साठवलेली साखर. फायब्रिनोजेनही नाही, कारण त्यापासून होणारं फायब्रिन हे रक्ताच्या गुठळीतलं तंतुमय प्रथिन आहे, एन्झाइम नव्हे. उलट प्रोथ्रॉम्बिनच्या नावात ‘जेन’ नाही, तरी ते झायमोजेन आहे: त्यापासून थ्रॉम्बिन हे एन्झाइम बनतं, आणि फायब्रिनोजेनला कापून त्याचं फायब्रिन करतं ते हेच. शंका आली तर शेवटी काय तयार होतं ते पाहा. ते एन्झाइम असेल तरच आधीचं रूप झायमोजेन.