मैत्रिणीला ल्युकेमिया झालाय? धीर देऊ नकोस, बातम्या आण

दहावीत असताना मला एएलएल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला. रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा. आता मी कॉलेजात आहे, औषधं संपलीत. पण इंदूरच्या मराठी घरांमध्ये कुठलीही गोष्ट लपत नाही. त्यामुळे कुणाच्या ओळखीत असं काही निघालं की लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी एखादी काकू आपल्या मुलीला घेऊन हजर होते. "हिला जरा सांग गं, मैत्रिणीशी कसं वागायचं." तर सांगते. पेशंटच्या बाजूनं सांगते आहे, औषधपाण्याचं डॉक्टरांना विचार.

आधी भीती काढून टाक. हा आजार तिच्याकडून तुला होत नाही. शेजारी बसून नाही, हात धरून नाही. उलट तुझी साधी सर्दी तिला महागात पडू शकते.

दुसरं म्हणजे, हे लांबणारं काम आहे. एएलएलचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिला महिनाभर जोराची केमो, त्याला इंडक्शन म्हणतात. मग आणखी काही टप्पे आणि शेवटी मेंटेनन्स, म्हणजे बराचसा काळ घरीच गोळ्या. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे चपला ठेवायला जागा नव्हती. दिवाळी झाली, प्रीबोर्ड आल्या आणि फोनसुद्धा वाजेनासा झाला. तेव्हा पहिल्या आठवड्यात तुला जायला जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. पाचव्या महिन्यात जा. तेव्हा तिथे कुणी नसतं.

जाण्याआधी काय विचारायचं

"कशी आहेस?" याला उत्तर नसतं. "काउंट कसे आहेत?" हे विचार. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या, न्यूट्रोफिल्स, 500 च्या खाली गेल्या की घरात बाहेरचं माणूस नको असतं. काउंट चढले की बोलावणं येतंच. हे तिला विचारणं अवघड वाटलं तर तिच्या आईला मेसेज कर. काकूंना असा नेमका प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की त्यांनाही बरं वाटतं, कारण बाकी सगळे त्यांच्याकडून पूर्ण कहाणी वदवून घेतात.

तुझा घसा खवखवत असेल, घरात कुणाला ताप असेल, तर जाऊ नकोस. गेलीस की आधी साबणानं हात धू, मास्क लाव. ताजी फुलं नेऊ नकोस, त्यांच्या पाण्यात आणि मातीत जंतू असतात. छप्पन दुकानवरचं किंवा सराफ्यातलं, म्हणजे आमच्या इंदूरच्या खाऊगल्ल्यांमधलं काही नको, कापलेली फळं तर नकोच. इंदूरचं पोर रिकाम्या हातानं भेटायला जाणार म्हणजे जिवावर येतं, मला माहीत आहे. घरी केलेले गरम पोहे चालतात, वरून कच्चा कांदा आणि कोथिंबीर न घालता. पण आधी विचार. केमोनं तोंडात फोड आलेले असतील तर जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा तो तिखट मसाला, बघूनसुद्धा डोळ्यांत पाणी येतं. आणि स्टेरॉइड चालू असेल तर उलटं. रात्री दोन वाजता मला कचोरी हवी असायची, आणि नाही मिळाली म्हणून मी रडायचे.

वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला आणि तू नुकतीच तिला भेटलेली असशील, तर त्याच दिवशी तिच्या आईला कळव. तुला काही झालेलं नसलं तरी कळव. केमोवरच्या मुलांना कांजिण्या फार जोरात होतात. संपर्क लगेच कळला तर डॉक्टरांना काही करता येतं, उशीर झाला की पर्याय कमी होतात.

एक गुपित जे ठेवायचं नाही

मैत्रिणीचं गुपित फोडायचं नाही हे मला मान्य आहे. एकच सोडून. ती म्हणेल, "थोडी कणकण आहे, आईला सांगू नको, परत ॲडमिट करतील." सांग. लगेच सांग. काउंट खाली असताना 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, ताप म्हणजे थेट हॉस्पिटल, मग रात्रीचा एक का वाजलेला असेना. घरच्या घरी क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही, त्यानं आतला संसर्ग झाकला जातो. ती चिडेल, चार दिवस बोलणार नाही. चिडू दे.

बोलायचं काय

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळे इथेच अडकतात.

धीर द्यायला माणसं पुष्कळ असतात. आत्या, मामा, शेजारच्या आजी, खजराण्याच्या गणपतीला नवस बोललेले सगळे. तुझं ते काम नाही. तुझं काम वर्गातल्या बातम्या आणायचं. कोचिंगमध्ये कुणाला बाहेर काढलं, केमिस्ट्रीच्या मॅडमनी कुणाची वही फेकली, कोण कुणाच्या ॲक्टिव्हावर मागे बसून राजवाड्याला दिसलं. माझी बाकावरची मैत्रीण यायची ती दारातूनच सुरू व्हायची, "अगं ऐक, कमाल झाली." तेवढी वीस मिनिटं मी पेशंट नसायचे. वीस मिनिटं पुरे होतात, खरं तर. तिचे डोळे मिटायला लागले की उठ, किंवा शेजारी बसून आपला फोन बघत राहा. त्यातही काही वाईट नाही.

स्वतःची दुःखंसुद्धा सांग. "तुझ्यापुढे माझं काय" हे वाक्य कृपा करून म्हणू नकोस. बाकावरची फिजिक्समध्ये नापास झाली होती आणि तिनं मला सांगितलं नाही, मला त्रास नको म्हणून. दुसऱ्याकडून कळलं तेव्हा मला सुईपेक्षा जास्त लागलं. म्हणजे मी आता अशी झाले की जिला काही सांगायचं नसतं?

"तू किती ब्रेव्ह आहेस" नको. शूर असायला पर्याय असावा लागतो, मला नव्हता. गिलोय, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र यांचे मेसेज पुढे ढकलू नकोस. काही काढे केमोच्या औषधांच्या आड येतात, आणि ते नाकारायचं काम पुन्हा तिच्या आईवरच येतं. चेहऱ्यावर काही बोलू नकोस. स्टेरॉइडनं तोंड गोल होतं, औषध थांबलं की उतरतं. "गुटगुटीत झालीस गं!" म्हणणाऱ्या काकवा असतातच. त्या आल्या की मध्येच काहीतरी विषय काढायला जवळ कुणी असलं तर फार उपयोग होतो.

केस बहुधा केमो सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात आणि पुढे परत येतात. सगळ्या वर्गानं टक्कल करायचा बेत असेल तर आधी तिला विचारा. मला ती कल्पनाच भयंकर वाटली होती, प्रत्येक डोक्याकडे बघून मला माझंच आठवलं असतं. बाकावरचीनं आईच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती ओढण्या आणून दिल्या. विकतच्या टोप्या टोचतात.

आणि मरणाचं बोलणं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची मुलगी एक दिवस नसते, आणि घरातलं कुणी त्यावर बोलत नाही. तुझी मैत्रीण रात्री मेसेज करेल, "मला काही झालं तर?" "असं नको बोलूस" म्हणून तिचं तोंड बंद करू नकोस. "तुला काय वाटतंय, सांग" एवढं म्हण आणि वाच. उत्तर द्यायचं नसतं त्यात. नंतर तुला झोप येणार नाही. ते तिला सांगू नकोस, आपल्या आईला सांग, ताईला सांग, किंवा 14416 वर फोन कर. ती टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते.

ती ओरडली तर

स्टेरॉइडच्या दिवसांत ती ओरडेल, तुलाच, कारण डॉक्टरांवर ओरडता येत नाही. त्या दिवशी उलट बोलू नकोस. पण गोळ्या थांबल्यावर जरूर सुनाव. बाकावरची एकदा म्हणाली, "केमो आहे म्हणून काहीही बोलशील का?" आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

रक्त, नोट्स, धाकटा भाऊ

अठरा पूर्ण नसतील तर तुला रक्त देता येत नाही. शिवाय वजन किमान 45 किलो लागतं. पण यादी करता येते. कॉलेजातले दादा, ताया, काका: नाव, रक्तगट, नंबर, शेवटचं रक्त कधी दिलं. पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनी परत द्यायचं असतं. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्या आणून साठवता येत नाहीत, म्हणून ऐन वेळी फोन उचलणारी माणसं हवीत. प्रत्येकाला आधी विचारून मगच नाव लिही. तिचा फोटो आणि तिच्या बाबांचा नंबर घालून पोस्ट फिरवू नकोस. गरज संपल्यावरही सहा महिने फोन येत राहतात.

शाळेत कुणाला काय सांगायचं ते तिला ठरवू दे. आमच्या वर्गाच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं होतं, "तिला त्रास नको" म्हणून, आणि प्रार्थनेच्या वेळी माईकवर माझं नाव घेतलं. दोन्ही मला न विचारता. नोट्सचे फोटो रोज नको, आठवड्यातून एकदा, विषयवार पाठव. सीबीएसईला 75 टक्के हजेरी लागते, पण गंभीर आजारात कागदपत्रं जोडून शाळेमार्फत सूट मागता येते. अर्ज वेळेत गेला का, एवढं ऑफिसात जाऊन विचारायचं काम तुला सहज जमेल.

ती उपचारांना मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जात असेल तर लांबलचक व्हॉइस नोट पाठव. ओपीडीत तासन् तास बसायचं असतं, डोळे दुखतात, वाचवत नाही. आणि घरी मागे राहिलेल्या धाकट्या भावाला विसरू नकोस. माझ्या भावाला त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे बघायला कुणी नेणार नव्हतं. वर्गातला एक मुलगा, जो मला भेटायला यायला लाजायचा, तो त्याला खांद्यावर बसवून घेऊन गेला. पहाटे परत आणून सोडलं. तो मलाच भेटून गेला, असं मी धरते.

तू गायब झाली असशील तर

भीतीनं, परीक्षेमुळे, काय बोलावं सुचेना म्हणून. महिने गेले, आणि आता तोंड कसं दाखवायचं? माझ्याही एका मैत्रिणीचं असंच झालं. तिनं मग भलामोठा मेसेज लिहिला, चार वेळा सॉरी, रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर म्हणजे मीच तिची समजूत घालायची. मग काही दिवसांनी दुसरा आला: "घाबरले होते. शनिवारी काउंट बरे असतील तर पत्ते घेऊन येऊ?" याला मी लगेच "ये" म्हटलं. एवढंच लिही. भीती एका शब्दात, आणि पुढे दिवस आणि काम. आल्यावर तिच्यापुढे रडू नकोस, रिक्षात रडून घे. ती थोडी तिरकस बोलेल, ते ऐकून घे. त्या दिवशी मी मुद्दाम पत्त्यांत लबाडी केली आणि तिनं पकडली.

उपचार संपल्यावरही तपासण्या चालू राहतात आणि दम लवकर लागतो. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या गर्दीत किंवा सराफ्यात कधी जायचं, हे डॉक्टर सांगतील. ती कदाचित एक वर्ष मागे पडेल, तू बारावीत आणि ती अकरावीत, नव्या वर्गात ओळखीचं कुणी नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या वर्गात जा. आणि आजारपणाआधी तिनं तुझ्याकडून उसने घेतलेले पैसे राहिले असतील तर सरळ मागून घे.