बेळगावात भाड्याचं घर: नोटीस द्यायची असेल किंवा आली असेल तर

मोबाईलवर मराठीत भाडेकरू नोटीस म्हणून शोधलं की वर येतं ते सगळं पुण्या-मुंबईचं. लिव्ह अँड लायसन्स, थकलेल्या भाड्याला ९० दिवसांची नोटीस, सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज, आणि आपली माणसं तेच वाचून इथं मालकाशी नाहीतर भाडेकरूशी वाद घालत बसतात. ते सगळं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधलं आहे आणि तो कायदा इकडं शिनोळीला आणि तिकडं कागलला संपतो. घर बेळगावात, खानापुरात, निपाणीत, चिक्कोडीत असेल तर लागतो तो कर्नाटकाचा कायदा आणि केंद्राचा मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२. मालक कोल्हापुरात राहत असला तरी, करार मराठीत लिहिलेला असला तरी. घर कुठं उभं आहे तेवढंच बघायचं.

आता कर्नाटकातपण दोन रस्ते आहेत, आपला कुठला ते आधी ठरवा. कर्नाटक भाडे कायदा १९९९ हा ३१ डिसेंबर २००१ पासून लागू झाला, पण तो साधारणपणे कमी भाड्याच्या घरांपुरता आहे, भाग बघून महिना ३५०० किंवा २००० रुपये ही मर्यादा, त्याच्या वरचं भाडं असलं की तो लागत नाही. टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, सदाशिवनगर असल्या भागात आज नवीन घर घेतलं तर भाडं त्याच्या वरच जातंय, म्हणजे १८८२ चा कायदा. पण शहापुरात, गावातल्या जुन्या गल्ल्यांत वडिलांच्या वेळेपासून पाचशे-हजार भाड्यावर राहणारी माणसं अजून आहेत, त्यांचं प्रकरण वेगळं. तिथं मालकानं १५ दिवसांची नोटीस दिली म्हणून घर रिकामं होत नाही, कायद्यात लिहिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि कारण थकबाकीचं असेल तर मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत सगळी बाकी भरायची संधी भाडेकरूला असते. अशा जुन्या घरातल्या मंडळींनी, मालक असो की भाडेकरू, खालचं वाचून आपल्याला लावून घेऊ नका, सरळ वकिलाला कागद दाखवा.

बाकीच्यांसाठी १८८२ च्या कायद्याचं कलम १०६. पहिलं करार काढून वाचायचा, त्यात एक महिन्याची नोटीस लिहिली असेल तर एक महिना, दोन लिहिली असेल तर दोन. करारच नाही, किंवा करारात मुदतीचं आणि नोटीशीचं काही लिहिलेलं नाही, किंवा कराराचे ११ महिने कधीच संपले आणि मालक दर महिन्याला भाडं घेतोय आणि तुम्ही राहताय, तर ते महिन्या-महिन्याचं भाडं धरलं जातं आणि १५ दिवसांची नोटीस लागते. दोन्ही बाजूंना, हे लक्षात ठेवा, भाडेकरूला सोडून जायचं असलं तरी त्यानंपण १५ दिवस आधी कळवायचं. हे दिवस नोटीस समोरच्याला मिळाली त्या दिवसापासून मोजायचे, पोस्टात टाकलेल्या दिवसापासून नाही, म्हणजे १ तारखेला टाकली आणि ५ तारखेला पोचली तर मोजणी ५ पासून. पूर्वी नोटीस भाड्याच्या महिन्याच्या शेवटालाच संपली पाहिजे असा नियम होता, त्यावरून कितीतरी दावे पडायचे, २००२ च्या दुरुस्तीत तो गेला. दिवस एक-दोन कमी पडले तरी मुदत संपल्यावर दावा टाकलेला असेल तर तेवढ्यावरून आता नोटीस रद्द होत नाही. तरीपण माझं सांगणं, काठावर मोजत बसू नका, २०-२५ दिवस द्या, कुणाचं काही बिघडत नाही.

मालकांनी एक गोष्ट जपायची. नोटीस दिली, मुदत संपली, आणि पुढच्या महिन्याचं भाडं नेहमीसारखं फोन-पे वर आलं आणि तुम्ही गप घेतलं, तर नोटीस तुम्हीच सोडून दिली असं समोरचा वकील म्हणू शकतो, त्याच कायद्याचं कलम ११३ त्यासाठीच आहे. पैसे घ्यायचेच असतील तर लेखी कळवा की हे भाडं म्हणून नाही, घर वापरल्याची भरपाई म्हणून, माझे हक्क राखून घेतोय.

नोटीस वकिलानंच दिली पाहिजे असं कायद्यात कुठंही नाही. ती लेखी पाहिजे आणि देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीनं कुणाची तरी सही पाहिजे, बस्स. गॅलरीतून ओरडून सांगितलं, किराणा दुकानात भेटल्यावर सांगितलं, त्याला काही अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून उपयोगी पडतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं सर्टिफिकेट जोडून ते कोर्टात दाखवता येतं, म्हणून चॅट डिलीट करू नका, पण नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर नोटीस देऊ नका. पोस्टानं पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट म्हणा आणि रजिस्ट्रेशन व डिलिव्हरीची पोच पाहिजे असं वेगळं सांगा, न सांगता ते होईलच असं धरू नका. पावती, ट्रॅकिंगचा प्रिंट आणि पाठवलेल्या नोटीशीची झेरॉक्स, तिन्ही एकत्र टाचून ठेवा. हातात द्यायची असेल तर दुसऱ्या प्रतीवर तारीख टाकून सही घ्या, घरातल्या माणसानं घेतली तरी चालते, आणि कुणीच घेत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून घराच्या दर्शनी भागावर चिकटवून फोटो काढायचा.

भाडेकरूनं सोडून जायची साधी नोटीस अशी लिहिली तरी पुरते:

"आपल्या मालकीचं (पूर्ण पत्ता, घर नंबर) इथलं घर मी (तारीख) पासून दरमहा (रक्कम) रुपये भाड्यानं वापरत आहे. ही नोटीस आपल्याला मिळाल्यापासून १५ दिवस पूर्ण झाल्यावर भाडेकरार संपेल आणि मी (तारीख) रोजी घर रिकामं करून ताबा देईन. त्या दिवशी आपण किंवा आपला माणूस हजर राहून घराची स्थिती आणि वीज मीटरचं रीडिंग बघावं. मी दिलेलं (रक्कम) रुपये डिपॉझिट त्याच वेळी परत करावं. काही रक्कम कापायची असल्यास कशासाठी ते बिलासह लेखी कळवावं."

खाली तारीख, सही, फोन नंबर. करारात १५ पेक्षा जास्त दिवस असतील तर तो आकडा टाका. मालकाची नोटीसपण अशीच सरळ असावी, भाडं कुठल्या कुठल्या महिन्याचं थकलंय ते एकेक लिहा, नुसतं बरेच महिने थकले असं मोघम लिहिलं की समोरचा त्यावरच खेळतो. आणि शिव्या, धमक्या, जातीपातीचं, भाषेचं काही लिहू नका, तो कागद उद्या जज्जसाहेबांच्या हातात जाणार आहे.

भाषेचं म्हणाल तर मराठीत नोटीस दिली म्हणून ती चुकीची ठरत नाही, समोरच्याला कळली पाहिजे एवढंच. पण इथल्या कोर्टाचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं, पुढं प्रकरण गेलं तर भाषांतर लागतंच, म्हणून मराठी प्रतीबरोबर कन्नड किंवा इंग्रजी प्रतपण त्याच पाकिटात घाला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं मला जास्त वाईट वाटतं, कन्नडमधली नोटीस येते, वाचता येत नाही, घाबरून एकतर कपाटात ठेवतात नाहीतर कुणी सांगेल त्या कागदावर सही करतात. पोस्टमनच्या पोचवर सही केली म्हणजे आतलं मान्य केलं असं अजिबात होत नाही, ती फक्त मिळाल्याची खूण. पण न वाचलेल्या कबुलीपत्रावर, कोऱ्या बाँड पेपरवर सही कधीच करायची नाही, आधी गल्लीतल्या शिकलेल्या पोराला, शाळेतल्या कन्नडच्या बाईंना, कुणाला तरी वाचायला लावा.

नोटीस आली आणि नको म्हणून परत पाठवली तर सुटलो असं वाटतं लोकांना. तसं होत नाही. पत्ता बरोबर असेल आणि पोस्टाचे पैसे भरून, रजिस्ट्रेशन करून पाठवलेली असेल तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७ च्या कलम २७ खाली ती पोचली असंच गृहीत धरतात, नाकारली असा शेरा आला तरी. तुमचंच नुकसान, आत काय आहे ते कळत नाही. घ्या, पाकीट फाडून फेकू नका, पाकिटावरचा शिक्का जपा, मिळाल्याची तारीख वर लिहा. मग परिच्छेद घेऊन एकेकाचं उत्तर द्या, खरं असेल ते मान्य, खोटं असेल ते नाकारतो, भाडं भरलं असेल तर बँकेच्या नोंदी जोडा. नोटीशीत दिलेल्या मुदतीत उत्तर गेलं पाहिजे, कारण गप्प बसलात तर कोर्ट त्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध काढू शकतं. भाडं मात्र थांबवू नका, मालक रोख घेत नसेल तर खात्यात टाका, खातं देत नसेल तर मनीऑर्डर करा आणि पावती ठेवा.

मुदत संपली तरी मालकाला कुलूप लावायचा, सामान बाहेर टाकायचा अधिकार नाही, घर खाली करून घ्यायला कोर्टाचा हुकूमच लागतो. पोलीसपण घर खाली करून देऊ शकत नाहीत, मालकाच्या ओळखीचे असले तरी. कुणी तसं केलंच तर ११२ ला फोन, त्याच दिवशी लेखी तक्रार, फोटो, शेजारच्यांची नावं, आणि स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली ताबा परत मिळवायचा दावा करता येतो, फक्त सहा महिन्यांच्या आत. सहा महिने म्हणजे फार वाटतात पण गावाला जाऊन येण्यात, पंच बसवण्यात निघून जातात. हेस्कॉमची, म्हणजे विजेची, लाईन नाहीतर नळ तोडून माणसाला हुसकावणं हे तर मी साफ चुकीचंच म्हणतो, लहान लेकरं असतात घरात.

छत गळतंय, मालक बघत नाही, तर त्याचीपण नोटीस असते. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची असेल तर लेखी कळवून वाजवी वेळ द्या, तरी केली नाही तर १८८२ च्या कायद्याच्या कलम १०८ प्रमाणं स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण कळवल्याशिवाय परस्पर कापू नका, बिलं ठेवा.

घर विकलं गेलं आणि ते तुम्हाला कळलेलंच नसेल तर तोवर जुन्या मालकाला दिलेलं भाडं पुन्हा द्यावं लागत नाही, तेव्हा कुणी नुसतं येऊन मी आता मालक म्हणालं तर खरेदीपत्राची प्रत मागा.

डिपॉझिटवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असं फिरतंय ते २०२१ च्या केंद्राच्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमधलं, तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागत नाही, म्हणून त्यावर भांडू नका, करारात काय आहे ते बघा. नेहमीच्या वापरानं रंग फिका पडला त्याचे पैसे मालकानं कापायचे नसतात, फोडलेल्या बेसिनचे कापू शकतो. शेवटचे महिने डिपॉझिटमधून वळते करा असं स्वतःच ठरवू नका, मालकाचं लेखी घ्या. किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी हातात बदलली तर उत्तम, नाहीतर किल्ली दिल्याची पावती, रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ, मीटरचा फोटो. नाही दिलं तर आधी नोटीस, मग तीन वर्षांच्या आत दावा.

आणि लीजवर, म्हणजे लाखो रुपये एकदम देऊन बिनभाड्यानं घर घेणाऱ्यांनी तर फारच जपा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार सब-रजिस्ट्रारकडं नोंदवलेलाच लागतो, ई-स्टॅम्प आणला, नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. घर बँकेत गहाण आहे का ते पैसे देण्याआधी तपासा.

वकिलाचे पैसे परवडत नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला त्यांची समिती असते, हेल्पलाईन १५१००. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग माणसांनापण, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा बघून. दावा टाकायच्या आधीच समेटासाठी तिथं अर्ज देता येतो, डिपॉझिटसारखं प्रकरण लोकअदालतीत मिटलं तर वर्षं वाचतात. जाताना करार, भाड्याच्या नोंदी, नोटीस, तिचं पाकीट, पोस्टाच्या पावत्या असे दोन झेरॉक्स सेट घेऊन जा, मूळ कागद कुणाच्याही हातात सोडून येऊ नका.