गुऱ्हाळावर पीएच मोजायला निघताय?

वही, पेन, चार्ज केलेला फोन, हे सांगायला नको. सांगायचंय ते बफरचं, म्हणजे पीएच पक्का माहीत असलेल्या द्रावणाचं; त्यात बुडवून मीटरचा आकडा जुळवून घ्यायचा, यालाच मीटर लावणं म्हणतात. मीटर घेतला आणि बफर घरी राहिला, तर मीटरही घरीच राहिला असं समजा.

मागच्या हंगामात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी मीटर बफरवर न लावता तसाच रसात बुडवला. आकडा ६.९, म्हणजे आंबटपणा जवळपास नाहीच (पीएच जितका कमी, तितका रस आंबट; ७ म्हणजे ना आंबट ना खारट, आणि चुना आंबटपणा मारतो). "चुना लागणारच नाही," असं गुळव्यांना, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरांना, छातीठोक सांगितलं. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि चुन्याची निवळी काहिलीत ओतली. नशीब! ताज्या उसाच्या रसाचा पीएच साधारण ५.२ ते ५.५ असतो. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट, दीडाचा म्हणजे तीसेक पट. एवढ्या आंबट रसाला चुना न घालता आटवला तर साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, गूळ चिकट राहतो, रवा, म्हणजे दाणा, बसत नाही.

म्हणून बफर. ७ चा आणि ४ चा, दोन्ही. रस या दोघांच्या मधे येतो. कॅप्सूल मिळतात, एक कॅप्सूल १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात, त्याच सकाळी. आधी ७ वर मीटर लावायचा, धुवायचा, मग ४ वर, पुन्हा धुवायचा, मगच रस. वापरलेला बफर परत बाटलीत ओतू नका. काल मीटर लावला होता, ही सबब नको. आज, तिथं, बफर!

लिटमसचे कागद राहू द्या, रसाच्या रंगात काही कळत नाही. धुवायला डिस्टिल्ड पाणी भरपूर न्या, पण त्यातच मीटर बुडवून "७ दाखवतोय का" बघू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला की तेच पाणी ५.६ च्या आसपास जातं. ते बफरचं काम करत नाही. इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरचं रसात बुडणारं टोक, टिशूनं टिपायचा, घासायचा नाही. त्याच्या टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आहे ना, बघा.

रस चरकाखालचा, लगेच मोजायचा. ठेवला की आंबतो. काहिलीतला असेल तर थंड करून. चुना घातल्यावर ढवळून पुन्हा मोजा, जास्त झाला तर गूळ काळा पडतो. स्टीलचे पेले दोन. फडकं. काकवीला डबा वेगळा न्या, बफरच्या बाटलीत आणू नका.